गुरुवारचा उजेड

१

ज्यानं कुणी ती तार जोडली, त्यानं माझ्या भाचीला मारायची सोय करून ठेवली होती. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. मुद्दाम करणारा निदान विचार तरी करतो. यानं तोही केला नाही. चालतंय ना, मग झालं, असं म्हणून हात पुसले आणि चहा प्यायला गेला. आमचा अर्धा देश असाच जोडलेला आहे. त्याचं नाव मला तेव्हा माहीत नव्हतं. नाव कळलं की त्याच्या घरी जाऊन, त्याच्यासमोर उभं राहून ऐकवायचं, एवढं मात्र मी पक्कं ठरवलं होतं.

हिवाळ्यात माझा थोरला भाऊ कुबान रशियात एका बांधकामावरून पडून गेला. त्याची बायको बुरुल आणि सहा वर्षांची मुलगी सेझिम मागे राहिल्या. मी राजधानीत, बिश्केकमध्ये, विद्युत अभियांत्रिकी शिकून तिथेच नोकरी शोधत होते. ते सोडलं आणि सरोवराकाठच्या आमच्या गावी परतले. इथल्या तंत्रशाळेत शिकवू लागले आणि जेंगेकडे राहू लागले. जेंगे म्हणजे वहिनी. तिचं घर एका जुन्या चार मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. अर्धी इमारत कुलूपबंद आहे, कारण माणसं मॉस्कोत.

गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे घरोघरी तेल तापतं. पिठाचे लहान चौकोन, म्हणजे बोर्सोक, तळायचे. तळताना सुटणारा वास हा गेलेल्यांचा वाटा. ते घास घेत नाहीत, वास घेतात आणि जातात. नंतर कुराणातल्या दोन आयती म्हणायच्या, चहा प्यायचा. जेंगेला मात्र जिन्यातल्या बायका तळू देत नसत. "तू बस गं," म्हणत, "कुबानच्या नावाचं आम्ही तळतो."

त्या गुरुवारी मी स्वयंपाकघरात मुलांच्या वह्या तपासत होते. बाहेर उजेड मावळत होता. खालून, वरून, भिंतीपलीकडून तेलाचा वास यायला लागला. आणि डोक्यावरचा दिवा फुगला.

फुगला, हाच शब्द बरोबर आहे. पिवळा होता तो पांढरा झाला. वहीवरची अक्षरं एकदम कोरल्यासारखी दिसू लागली. दारावरची घंटा कुणी न दाबता घशातल्या घशात गुरगुरायला लागली. जेंगेनं टेबलावर एक जास्तीचा पेला ठेवला, त्यात चहा ओतला आणि पदर सारखा करावा तसा डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

"कोण येतंय?" मी विचारलं.

"आला," ती म्हणाली.

मोरीपाशी स्टुलावर उभी राहून सेझिम हात धूत होती. तिनं हात झटकला आणि माझ्याकडे वळून हसली. मला ती एजे, म्हणजे ताई, म्हणते.

"एजे, पापांनी पुन्हा चिमटा काढला."

२

भूत मानायला माझी हरकत नाही. पण ते सगळ्यांच्या शेगड्या पेटल्यावरच का येतं, हे आधी विचारायला हवं.

उत्तर सोपं होतं. आमच्या जिन्यातून तीन फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारा, वर चढतात आणि तिघांचा परतीचा रस्ता एकच, न्यूट्रल. तो घट्ट असेल तर कुणाच्या शेगडीचा कुणाच्या दिव्याला त्रास नाही. तो सैल झाला की तोल जातो. जिथे शेगड्या पेटल्यात तिथे विजेचा दाब उतरतो आणि जिथे काहीच पेटलेलं नाही तिथे जास्तीचा दाब येऊन बसतो. आमच्या फेजवरची बाकी सगळी घरं रिकामी होती. त्या फेजवर उरला होता एकटा जेंगेचा दिवा. म्हणजे कुबानच्या नावानं जितकं तळलं जाई, तितका तो फुगे. आणि तो जितका फुगे तितकं त्याच्या नावानं अधिक तळलं जाई.

वीजवाल्यांना दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा ते सकाळी आले. सकाळी कोण तळतंय? मीटरनं नेहमीचे दोनशे वीस व्होल्ट दाखवले, त्यांनी खांदे उडवले.

जिन्यातल्या मुख्य पेटीची किल्ली झिपार अपांकडे असते. तळमजल्यावर राहतात, अख्ख्या जिन्याच्या थोरल्या. त्यांच्याकडे गेले तर त्या दारातच उभ्या राहिल्या.

"अपा, न्यूट्रल सैल आहे. किल्ली द्या."

"काय सैल आहे?"

"तार."

"तारेला काय कळतं आज गुरुवार आहे ते?"

"तारेला नाही कळत. तुमच्या शेगड्यांना कळतं."

"शिकलीस, बरं झालं," अपा म्हणाल्या. "माझा नवराही रेडिओ उघडून बघायचा. चांगला चालणारा रेडिओ. मग तो कायमचा गप्प बसायचा."

मागून कुणीतरी हसलं. समोरच्या खोलीत नुकताच राहायला आलेला इसखार, तोकमोक गावाकडचा दुंगान, म्हणजे मूळच्या चिनी मुसलमानांपैकी, बिश्केकच्या रस्त्यावर व्हॅन चालवणारा. उन्हाळ्यात आला, त्यामुळे आमच्यापैकी कुणालाच आधीपासून ओळखत नव्हता.

"माझ्याकडे तर गुरुवारी दिवा मलूल होतो," तो म्हणाला. "माझे मेलेले गरीब असणार."

"तुमच्या फेजवर सगळे तळतात म्हणून, बाइके," मी म्हटलं. बाइके म्हणजे थोरला भाऊ, परक्यालाही आम्ही तीच हाक मारतो.

"बघा, त्यांचं खाणंसुद्धा शेजारी पळवतात."

अपांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि मला आवाज खाली आणून म्हणाल्या, "बुरुलला विचारलंस का? तिला हवंय का तुझं हे आवळणं?"

विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात, असं मला वाटत होतं.

३

पुढच्या गुरुवारी मी मीटर घेऊन बसले.

"मोजू नकोस, कानिश," जेंगे म्हणाली.

"मोजल्यानं काही कमी होत नाही."

"होतं."

खिडकीबाहेर सरोवरावरचा वारा सुटला होता आणि अंगणातलं वाळत घातलेलं कापड फडफडत होतं. वास आला. दिवा चढू लागला. मीटरवर आकडे चढू लागले, दोनशे चाळीस, साठ, त्याच्याही वर. मला आनंदच झाला, खोटं कशाला सांगू. जे मी कागदावर मांडलं होतं ते डोळ्यांसमोर घडत होतं.

जेंगे टेबलापाशी बसून दिव्याकडे बघत, रोजच्या आवाजात बोलत होती. "सेझिमचा पुढचा दात पडला. तिनं तो जपून ठेवलाय, तुला दाखवायला."

दिवा जरा खाली आला. आणि पुन्हा वर गेला.

"बघितलंस?"

"कुणीतरी शेगडी बंद केली आणि दुसरी लावली."

"बरं," जेंगे म्हणाली, आणि लहान मुलाच्या हट्टाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

मी उठून टेस्टर नळाला लावला. त्यातला दिवा पेटला. मग मीटरचं एक टोक कपडे धुण्याच्या यंत्राच्या पत्र्यावर ठेवलं आणि दुसरं भिंतीवरच्या रेडिएटरवर. नव्वद. यंत्राच्या पत्र्याकडून पाण्याच्या जोडणीपर्यंत, तिथून नळापर्यंत, तिथून न्हाणीघरातल्या टबापर्यंत. सगळं ओलं, सगळं लोखंडी.

तेव्हा माझ्या लक्षात आलं काय केलं होतं ते. इमारतीला अर्थिंग नाही. म्हणून कुणीतरी यंत्राचा पत्रा थेट न्यूट्रलला जोडून टाकला होता. आमच्याकडे सगळे हेच करतात आणि वरून सांगतात, आता धक्का बसणार नाही. न्यूट्रल शाबूत आहे तोवर खरंही असतं ते. तो सुटला की संपूर्ण दाब पत्र्यावर. आणि तो सुटत चालला होता.

"सेझिम, चिमटा कसा असतो गं?"

तिनं विचार केला. "आधी गुदगुल्या होतात. मग पापा हात धरून ठेवतात. आता आधीपेक्षा जास्त वेळ धरतात. मी सोडा म्हटलं तरी."

स्नायू आवळतात. त्या दाबाला बोटं आपोआप मिटतात, मनात असलं तरी उघडत नाहीत. मला हे पुस्तकातल्या पानासकट आठवत होतं.

"आणि पापा कुठे उभे असतात?"

"इथे." तिनं माझ्या डाव्या खांद्यामागे बोट दाखवलं.

मी वळून बघितलं नाही. लहानपणी मी घड्याळं, रेडिओ, इस्त्र्या उघडायचे तेव्हा कुबान तिथेच उभा राहायचा. डावखुरा होता. डाव्या हातात विजेरी, माझ्या खांद्यावरून. "आटप, शास्त्रज्ञबाई, हात दुखतोय," म्हणायचा. पण हात कधी हलायचा नाही त्याचा. उजेड धरण्यात त्याच्यासारखा दुसरा नव्हता. सेझिमला हे कुणी सांगितलं असेल? जेंगेनं, बहुतेक. मुलं तर बोट कुठेही दाखवतात.

जिन्यातून तडतड ऐकू आली. तळण्याची होती, पण सगळी तळण्याची नव्हती. मी दार उघडलं. तेलाच्या वासाखाली जळक्या रबराचा वास होता.

"नळाला हात लावायचा नाही," मी ओरडून सांगितलं. "दोघीही खाली अंगणात जा. आत्ता."

४

पेटीच्या झाकणाखालून निळी ठिणगी दिसत होती. अपांकडे किल्ली मागायला, त्यांना पटवायला, वेळ नव्हता. इसखार दारात व्हॅनचं चाक बदलायचा पाना घेऊन उभा होता. मी तो ओढून घेतला.

"चाकाच्या पान्यानं कुलूप? विद्यापीठात हे शिकवतात?"

"हो. पहिल्याच वर्षी."

कुलूप तिसऱ्या फटक्याला तुटलं. मी मुख्य खटका खाली ओढला, तिन्ही फ्यूज काढून खिशात घातले. अख्खा जिना गप्प झाला. ती शांतता मी अजून विसरले नाही. शेगड्या, फ्रीज, टीव्ही सगळं एकदम थांबलं. फक्त वारा होता.

मग दारं उघडली. झिपार अपा हातात झारा घेऊन आल्या, झाऱ्यातून तेल ठिबकत होतं.

"गुरुवारी? तेल तापलेलं असताना? कणीक पडलीये ताटात! कानिशाय, मेलेल्यांना उपाशी परत पाठवणार तू?"

"मेलेले नंतर, अपा. आधी जिवंत."

"असं बोलायला कुणी शिकवलं तुला?"

"तुमच्या या पेटीनं. वास घ्या. हा तेलाचा नाही."

त्यांनी वास घेतला, पण मागे हटल्या नाहीत. वरच्या मजल्यावरच्या दोघीतिघी जिन्यात उतरल्या होत्या. सगळ्यांचं एकच म्हणणं: कुबान वाटेत असेल, दिवा नाही दिसला तर परत जाईल. जेंगे सेझिमचा हात धरून दारापाशी उभी होती. तिनं नुसतं माझ्या खिशाकडे बघितलं, जिथे फ्यूज होते. त्या नजरेशी भांडता येईना. मी समजावणं सोडलं.

"सेझिम," मी म्हटलं, "अपांना सांग, पापा काय करतात ते."

"हात धरतात," सेझिम म्हणाली. "आणि सोडत नाहीत."

झिपार अपांचा झारा खाली आला.

"आपलं माणूस असं धरून ठेवत नाही," त्या म्हणाल्या. माझ्याशी नव्हे, जेंगेशी. "ऐकतेस का, बुरुल? आपला मेलेला वास घेतो, लेकराचं तोंड बघतो आणि जातो. धरून ठेवतो तो कुबान नव्हे."

जेंगेचे ओठ हलले. तिनं सेझिमचा हात उलटा करून तळवा बघितला, जणू तिथे खूण असेल.

"सोडव ते," ती मला म्हणाली. "जे काय आहे ते. सोडव."

इसखारनं घसा साफ केला. "माझ्याकडे मोठी कढई आहे. लाकडं आहेत. बाहेर तळा की. वास काय, उघड्यावर लांब जाईल."

"दुंगानाची कढई?" अपा म्हणाल्या. "धुतलेली आहे का?"

"तुमच्या जिन्यापेक्षा स्वच्छ आहे, अपा."

५

अंगणात आग पेटली. सगळ्या बायका कणकेची ताटं घेऊन तिकडे गेल्या. मी पेटीत काम केलं. न्यूट्रलचा बोल्ट काळा पडून अर्धा झिजला होता. तारेचं टोक कापलं, घासलं, नवा बोल्ट घातला आणि मनगट दुखेपर्यंत आवळला. हे सगळं मोबाइलच्या उजेडात, मोबाइल दातांत धरून. लाळ गळत होती. कुबान असता तर हसून मेला असता.

मग वर गेले. आता एकच काम उरलं होतं, यंत्रामागची तार. ती राहिली तर उद्या दुसरा कुठला बोल्ट सैल होईल आणि पुन्हा हेच.

घरात अंधार होता. टेबलावर जेंगेचा जास्तीचा पेला तसाच होता, वर साय धरलेला. मोबाइल मी खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून ठेवला आणि यंत्र भिंतीपासून ओढलं. फरशीवर ते किंचाळत सरकलं. मी त्याच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत गुडघ्यांवर वाकून शिरले.

तार तिथे होती. बारीक, पिवळी. तिच्या जोडावर काळी पट्टी गुंडाळलेली होती. पट्टीचं टोक सापडेना. मी नेहमीप्रमाणे उजवीकडून सोडवू लागले, आणि ती अधिकच आवळली.

ती उलटी गुंडाळलेली होती.

मी थांबले. पट्टी उलटी कोण गुंडाळतं? डावखुरा माणूस गुंडाळतो. आणि शेवटी टोकाला चिमूट काढून ते आत दुमडायची सवय, सुटू नये म्हणून, ती मीच त्याला लावली होती. रशियाला जायच्या आधी त्यानं यंत्र आणलं होतं. जेंगेनं फोनवर सांगितलं होतं मला, कुबाननं स्वतः बसवलं, बायकोचे हात गारठू नयेत म्हणून.

ज्याच्या घरी जाऊन ऐकवायचं होतं, त्याच्याच घरात मी गुडघ्यांवर बसले होते.

"बाइके," मी मोठ्यानं म्हटलं, "अक्कल कुठे ठेवली होतीस?"

घरात काहीच हललं नाही. अंगणात कुणीतरी हसलं, तेलात काहीतरी पडल्याचा आवाज आला. मला रडू यायला हवं होतं. आला तो राग, आणि रागानं हात स्थिर झाले. पट्टी डावीकडून सोडवली. तारेचे बारीक बारीक धागे वेगळे केले, एकेक. पत्र्यावरचा स्क्रू गंजला होता, त्याची खाच पार झिजलेली, पण स्पष्ट दिसत होती. पेचकस दोनदा घसरला. माझ्या हाताची सावली उजवीकडे भिंतीवर पडली होती, तीही माझ्याबरोबर घसरली. तिसऱ्यांदा स्क्रू फिरला. तार माझ्या मुठीत आली.

"झालं," मी म्हणाले. कुणाला, माहीत नाही. सवयीनं.

आणि अंधार झाला.

मी फटीतून मागे सरकत बाहेर आले, गुडघे झटकत उभी राहिले. कट्ट्यावर मोबाइल पालथा पडला होता. यंत्र ओढताना पडला असणार. उचलून बघितला तर बॅटरी संपलेली, पाठ गार. बराच वेळ बंद असलेल्या वस्तूसारखी गार.

अंगणातली आग, मी स्वतःला सांगितलं. खिडकीतून आगीचा उजेड येतो. खिडकीपाशी जाऊन बघितलं. आग खाली होती, बरीच खाली, आणि तिचा तांबूस उजेड वर छतावर हलत होता. सारखा हलत होता.

मी तार खिशात घातली आणि जिना उतरले. धावले नाही. धावावंसं वाटलं होतं.

६

फ्यूज बसवले, खटका वर केला. घरोघरी दिवे लागले, सगळे सारखे पिवळे. अपांच्या दिव्याइतकाच जेंगेचा. मीटरनं दोनशे वीस दाखवलं, आणि शेजारणींना मुद्दाम शेगड्या लावायला लावल्या तरी दोनशे वीसच. टेस्टर नळाला लावला, मग यंत्राला, मग टबाला. मेलेला. मग मी स्वतःचा हात पाण्याखाली धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. थंड पाणी होतं, बाकी काही नाही.

सेझिमनं त्या संध्याकाळी टबात उड्या मारल्या. जेंगे दारात टॉवेल घेऊन उभी होती.

"आता सुरक्षित आहे?"

"हो."

"आणि गुरुवारी?"

"दिवा दिव्यासारखा जळेल, जेंगे."

तिनं मान हलवली. तारेबद्दल तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सांगणारही नाही. पण बाकी इमारतींमधले जिने मी एकेक करून उघडणार आहे. ज्यांच्याकडे किल्ली असेल त्यांनी ती द्यावी, नाहीतर पाना आहेच. प्रत्येक यंत्रामागे कुणीतरी प्रेमानं जोडलेली अशी एक तार आहे, आणि अशा प्रत्येक घरात सहा वर्षांचं कुणीतरी हात धुतंय.

इसखारचा पाना परत करायला मी खाली गेले. आग विझत आली होती. बायका ताटं घेऊन परतल्या होत्या. तो एकटा कढई पुसत बसला होता. मला बघून त्यानं कागदात बांधलेले बोर्सोक पुढे केले, अजून गरम होते. मग थोडा विचार करून आणखी मूठभर त्यात टाकले.

"एवढे मला नकोत, बाइके."

"तुला नाहीत. वर खिडकीत तुझ्यासाठी उजेड धरून उभा होता ना, त्याला दे. तू वाकलेली असशील, दिसली नाहीस, पण त्याचा हात जरासुद्धा हलला नाही. सगळे खाली येऊन खाऊन गेले, तो बिचारा मघापासून नुसत्या वासावर उभा आहे."